दहा पावलांवर

मु. सावरघळ, ता. जावळी
३ नोव्हेंबर

चि. नंदास अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी सकाळी मी पाणी धरायला गेलो नव्हतो.

माघातला तो गुरुवार. संध्याकाळी तू गणवेशातच घरी आलीस, पाय धुतलेस आणि चुलीपाशी बसून विचारलंस, "आबा, सकाळी कुठं हुता?" मी म्हणालो, गव्हाला पाणी धराय गेलतो. तुझ्या आईचा भाकरी थापणारा हात थांबला. विहिरीवरची मोटर त्या आठवड्यात जळून पडली होती. तिला ते माहीत होतं आणि तुलाही. तू ताटावरून उठलीस, बॅग घेतलीस आणि तुझ्या क्वार्टरवर निघून गेलीस. त्याला आता नऊ महिने होतील.

घरातून निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारायचं नाही, ही आपल्या घरची रीत. विचारलं की शिकार हुकते, असं माझे वडील म्हणायचे. तूही लहानपणापासून कधी विचारलं नव्हतंस. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलंस, आणि मी तुला खोटं सांगितलं.

परवा शालूबाईचा तुझ्या आईला फोन आला. महिन्याभरापासून तुला कामावरून घरी बसवलंय आणि तू कुपवाडला तिच्याकडं, मावशीकडं आहेस, हे त्यातून कळलं. तुझ्या बीटात शिकार झाली आणि वनरक्षकाला पत्ता नाही, म्हणून चौकशी लागली आहे म्हणे. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितो.

ती शिकार मी केली.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं, गोठ्यात जाऊन म्हशीला वैरण टाकून आलो. आता पुढचं लिहितो.

वरच्या ओढ्याला जो पाणवठा उन्हाळ्यापर्यंत टिकतो, तिथं भेकरं उतरतात. त्यांनी आपला दोन वाफे वाटाणा खाल्ला होता. राखणीसाठी म्हणून वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक माळ्यावर होतीच. तू नोकरीला लागलीस तेव्हा गणवेश घालून माझ्या पाया पडलीस आणि म्हणालीस, आबा, आता बंदूक न्हाई. मी न्हाई म्हणालो. तीन वर्षं तो शब्द पाळला. त्या दिवशी मोडला. उजाडताना बार टाकला, भेकर खांद्यावर घेतलं आणि वरच्या अंगानं निघून गेलो. तू बार ऐकून तिथं आलीस हे मला मागाहून कळलं.

तुला घरी बसवतील असं मला वाटलं नव्हतं. काय वाटलं होतं, तेही सांगता येत नाही. रागव, पण जेवत जा. शालूबाई म्हणत होती, एक वेळच जेवतेस.

तुझा आबा
नाथाजी


१२ नोव्हेंबर

चि. नंदास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

मी कुणाला लिहितो हे तुझ्या आईला सांगितलं नव्हतं, तिनं विचारलंही नाही. पाकीट घेऊन मेढ्याला निघालो, तर मागून म्हणाली, "आवं, तिकीट लावाय इसरू नगा. न्हाईतर तिला पैसं भरून सोडवून घ्याय लागंल, आन् मग ती घ्यायचीच न्हाई." म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. या घरात कुणीच काही बोलत नाही आणि सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

मागच्या पत्रात वाटाण्याचं लिहिलं. वाटाणा खाल्ला हे खरं आहे, पण बंदूक त्यासाठी काढली नव्हती. दोन वाफ्यांना काटेरी फांद्या लावून भागलं असतं.

नंदा, मला त्या बसण्याची ओढ लागली होती.

तुला आठवत असेल. तू नऊ वर्षांची होतीस. मुलगा नाही म्हणून भाऊबंद मला बोलायचे, आणि मी हट्टानं तुला बरोबर नेलं होतं. दोन दिवस आधीपासून साबण बंद. कपडे शेणीच्या धुरावर धरलेले. चालताना पाऊल आधी बाहेरच्या कडेवर टेकवायचं, खाली काटकी नाही असं कळल्यावर मग सगळा भार द्यायचा, हे तुला एका सकाळीत जमलं. मला जमायला वर्ष लागलं होतं. पुडीतला वाघजाईचा अंगारा चिमटीनं सोडून वारा कुठून येतो ते बघायचं. कारवीच्या झुडपात बसलं की अंग विसरायचं. डास चावला तर चावू द्यायचा. थुंकी गिळायची तीसुद्धा हळू. जनावरानं आपल्याकडं बघितलं की डोळे अर्धे मिटायचे, कारण माणसाचे डोळे चमकतात आणि त्याला तेवढं पुरतं.

सगळं तू बिनचूक केलंस, आणि भेकर पाण्यावर आल्यावर तुला उचकी लागली. मी तुझं नाक दाबलं. उचकी थांबेना, मग तुला हसू आलं, मग मलाही. भेकर भुंकत भुंकत डोंगर चढून गेलं. घरी येऊन तू आईला सांगितलंस, आबा हासलं म्हणून गेलं.

तसं बसणं मला दुसरीकडं कुठं मिळालं नाही. देवळात बसतो, संध्याकाळचा दिवा लावतो, पण तिथं मन गावभर फिरून येतं. कारवीत बसलं की ते एका जागी राहतं. मी देवाचं नाव घेत बसायचो आणि मांडीवर बंदूक असायची. तुझी आई म्हणायची, असला कसला भक्त, गळ्यात माळ घालायची तर हातातलं खाली ठेवा. माळ घालायची राहिली ती त्यामुळंच.

तुला शब्द दिल्यावर मी रिकाम्या हातानं जाऊन बसायचो. दोन वर्षं तसाच जात होतो. भेकरं यायची, पाणी पिऊन जायची. कधी कधी तर इतक्या जवळून की त्यांच्या दातांत गवत तुटल्याचा आवाज यावा. तेवढ्यावर समाधान मानायला हवं होतं. मग एकदा वाटलं, बंदूक नुसती मांडीवर ठेवू, बार भरायचा नाही. पुढं वाटलं, भरू, पण उडवायचा नाही. माणूस असाच पायरी पायरीनं उतरतो.

जनावर पडल्यावर आपल्या घरात काय करतात ते तुला माहीत आहे. तोंडाशी हिरव्या गवताची जुडी ठेवायची, कपाळाला अंगारा लावायचा, आणि रक्त पडेल त्या दगडालाही अंगाऱ्याचं एक बोट ओढून माफी मागायची. माझ्या वडिलांनी शिकवलं, मी तुला शिकवलं. साऱ्या खोऱ्यात दुसरं कुणी हे करत नाही. त्या दिवशीही मी केलं.

भुईमुगाच्या शेंगा शालूबाईकडं पाठवल्या आहेत. भाजून खा.

तुझा आबा


१९ नोव्हेंबर

चि. नंदास आशीर्वाद.

काल भाऊसो आला होता. तुझा भाऊसोकाका, माझ्याबरोबर चाळीस वर्षं डोंगर हिंडलेला. त्यानं जे सांगितलं ते लिहितो.

पावसात ओढा फुगला आणि मी पुरलेलं कातडं वर आलं. ते कुणीतरी ऑफिसात नेऊन दिलं. मग साहेबांनी जनावरं मोजायला झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यातली जुनी चित्रं काढली. पाणवठ्याच्या वाटेवर असा कॅमेरा होता हे मला माहीत नव्हतं. मी वरून, कातळावरून उतरलो होतो, म्हणून मी त्यात नाही. तू मात्र आहेस. ओढ्यावर बसून हात धुताना. हाताला रक्त. आणि त्या तारखेला तुझ्या दैनंदिनीत लिहिलेलं, गस्त घातली, काही आढळले नाही.

भाऊसो म्हणाला, गावात लोक वेगळंच बोलतात. शिकारीवर जो पोचेल त्याला वाटा द्यायची आपल्याकडची रीत. पोरगी पोचली म्हणजे तिनं वाटा घेतला असणार, घेतला म्हणूनच गप्प बसली. चौकशीतही तेच विचारणार आहेत म्हणे, कुणाकडून काय घेतलंस.

मी म्हणालो, मी जाऊन सांगतो. भाऊसोनं माझा हात धरला.

"नाथा, तू गप बस गड्या. जलमभर आपून दुसरं काय शिकलो?"

तुझी आई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "भावजी, तुमी च्या प्या आन् जावा. ह्यास्नी गप बसाय कुनी शिकवाय नगं."

आता मला तुला ते सांगायचं आहे जे पहिल्या पत्रात मी फिरवून लिहिलं. तू यायच्या आधी मी निघून गेलो होतो असं लिहिलं, ते खोटं आहे. मी तिथंच होतो. तुझ्यापासून दहा पावलांवर.

अंगारा लावून झाला होता. इतक्यात खालून पावलं ऐकू आली. एका माणसाची, बुटातली, आणि तरी काटकी मोडत नव्हती. मी ओळखलं. असं चालायला मीच शिकवलेलं माणूस ते. भेकर ओढून कारवीत घेतलं आणि त्याच्या शेजारी बसलो. जाताजाता पाल्यानं माग मोडला, रक्तावर पाचोळा टाकला. अंगारा पुसायचं सुचलं नाही. अंगारा पुसायचा असतो हे आपल्या डोक्यातच येत नाही.

तू आलीस. दगडाजवळ थांबलीस. पाचोळा बाजूला केलास, तर खाली गवताची जुडी आणि अंगाऱ्याचं बोट. किती वेळ उभी होतीस ते मला सांगता येणार नाही. मग तू पायातले बूट काढलेस. अंगाऱ्याला हात लावायचा म्हणून काढलेस, सवयीनं. आणि तळहातानं तो पुसलास. दगडावरचं रक्तही पुसलंस, जुडी उचलून पाण्यात सोडलीस, हात धुतलेस.

मग तू मान वर करून थेट कारवीकडं बघितलंस. मी डोळे अर्धे मिटले.

माझ्या लेकीनं माझ्याकडं बघितलं आणि मी जनावराला चुकवतात तसं तिला चुकवलं. त्या वेळी देवाचं नावही तोंडात आलं नाही. तू बूट घालून गेलीस. मी तरी बराच वेळ तसाच बसून होतो, मेलेल्या जनावराशेजारी, न हलता. त्या सकाळइतका चांगला मी आयुष्यात कधी बसलो नव्हतो.

ते मटण मी खाल्लं नाही. भाऊसोकडं दिलं. त्यानं काही सुटत नाही, पण तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

संध्याकाळी तू कुठं हुता म्हणून विचारलंस, ते तुला माहीत नव्हतं म्हणून नाही. मी खरं बोलतो का, एवढंच तुला बघायचं होतं. हे मला आता समजतं.

आबा


२६ नोव्हेंबर

चि. नंदास आशीर्वाद.

काल तू आईला फोन केलास. मी ओट्यावर विळा घासत होतो. आईनं फोनचा आवाज मोठा केला, मला ऐकू यावा म्हणूनच केला. तुझा आवाज नऊ महिन्यांनी ऐकला. थोडी सर्दी झाली आहे वाटतं.

तू म्हणालीस, "आई, पत्रं मिळाली म्हणावं. आबांनी आता काय लिऊ नये आन् कुठं जाऊ नये. सोमवारी माझी तारीख हाय. करवंदीच्या काट्यानं हात फाटला हुता म्हनून सांगनार हाय मी. वाटा घेतल्याचं त्यास्नी शाबीत करता यायचं न्हाई. आबांचं नाव कुटं येत न्हाई."

आई म्हणाली, "आन् नोकरी?"

"गेली तर गेली. तुमी दोघं नीट ऱ्हावा."

फोन ठेवल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "बगितलं? बोलताना आवाज हलला न्हाई पोरीचा. तुमच्यावानी. चांगलं शिकवलंसा."

नंदा, मी तुला पुष्कळ शिकवलं याचा मला अभिमान होता. तुझी निवड झाली तेव्हा मी गावभर सांगत सुटलो होतो की कुंडलला प्रशिक्षणात पोरगी सगळ्यांच्या पुढं आहे, जनावरालासुद्धा तिचं पाऊल कळत नाही. आता तू माझ्याकडून हेही शिकलीस. तू सोमवारी उभी राहशील, काट्याचं सांगशील, पापणी न हलवता. त्यांना खरं वाटेल किंवा वाटणार नाही. पण पुढं कुणालाही खरं सांगताना तुला तो सोमवार आठवेल. मला ते ठाऊक आहे. मी नऊ महिने दिवा लावतो आणि देवाच्या तोंडाकडं बघत नाही.

मी जाऊन बोललो तर काय होईल, याचाही विचार केला. मी सगळं खरं सांगितलं तर तू शिकारी ओळखून झाकलास हे सिद्ध होतं. तुला त्याची शिक्षा होईल. मी सांगितलं नाही, तर तू वाटा खाणारी ठरतेस. आणि मी अर्धं सांगितलं, म्हणजे शिकार माझी, मुलीला काही माहीत नाही, तर तुझ्या हातावरच्या रक्ताचं काय? तो गुंता मी देवळात बसून तीन दिवस सोडवतो आहे.

तू कुठं जाऊ नये म्हणालीस. तुझं आजवर मी एकच ऐकायला हवं होतं आणि तेच ऐकलं नाही. हेही ऐकेन असं आत्ता लिहू शकत नाही.

सर्दीवर ओवा शेकून हुंग.

आबा


२९ नोव्हेंबर

चि. नंदास,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, सोमवारच्या आधी पोचणार नाही. आई घेऊन येते आहे. सकाळच्या गाडीनं निघेल, दुपारपर्यंत तुझ्याकडं. तिला आधी जेवायला घाल, मग वाच. कालपासून तिनं काही खाल्लेलं नाही, मला मात्र दोन वेळा डबा आणून दिला.

मी तुझ्या ऑफिसात बसून लिहितो आहे. कागद इथल्या बाईंनी दिला. आज कोर्टात उभं करणार आहेत. घाबरू नकोस. सगळे नीट वागले.

काल सकाळी मी घरातून निघालो. बंदूक चादरीत गुंडाळून खांद्यावर. दारात आई उभी होती. मी चपला घातल्या आणि तिला म्हणालो, "विचार की, कुठं निघालो." तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "कुठं निघालासा?" मी म्हणालो, "नंदाच्या हापिसात. सांगाय." ती म्हणाली, "थांबा मग, म्या बी येते. तुमाला वाटंत कुनीतरी गप करंल."

आणि वाटेत भाऊसो भेटलाच. फाट्यावर, गाडीची वाट बघत. चादर बघून त्याला कळलं. त्याला मी आधीच सांगून ठेवलं, बार माझा, जनावर माझं, भाऊसो, तुझं नाव मी घेणार नाही. मटण कुणाला दिलंस म्हणून विचारलं तर तेवढं सांगणार नाही म्हणेन, खोटं बोलणार नाही. गाडी आली तेव्हा त्यानं आईची पिशवी वर चढवून दिली.

ऑफिसात तुझे साहेब होते. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी तुझा बाप हे त्यांना आधी कळलं, मग बंदूक दिसली. त्यांनी दार लावून घेतलं. मी पहिल्यापासून सांगितलं. माळ्यावरची बंदूक, पाणवठा, कारवी, अंगारा, तू काढलेले बूट. बोलायला फार वेळ लागला नाही, नंदा. नऊ महिने मी जे धरून ठेवलं होतं ते सांगायला एक कप चहा निवेपर्यंतचा वेळ लागला.

साहेब म्हणाले, "नाथाजीराव, मुलगी फार चांगलं काम करणारी आहे. मीच तिचं नाव चौकशीला पाठवलं, मला तरी कुठं बरं वाटलं." आणि त्यांनी जबाब लिहायला घेतला.

लिहून झाल्यावर वाचून दाखवला. सगळं बरोबर होतं. फक्त शेवटी त्यांनी लिहिलं होतं की सदर प्रकाराची माझ्या मुलीस काहीही कल्पना नव्हती. मी तसं बोललो नव्हतो. त्यांनी मायेनं लिहिलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि कागद पुढं सरकवला, सही इथं, म्हणाले.

मला क्षणभर वाटलं, करावी. तू सुटतेस असं दिसत होतं. पण मग सोमवारी तुला काट्याचंच सांगावं लागलं असतं, आणि रक्ताचे हात तसेच राहिले असते, आणि गावानं म्हटलं असतं, बापानं वाचवली. मी तुला झाकायला आलो नव्हतो. आपण दोघांनी एकमेकांना पुरेसं झाकलं.

तू रागावशील. रागाव. सोमवारी तुला विचारतील तेव्हा जे झालं तेच सांग, माझ्यासाठी एक शब्द कमी करू नकोस. बापाला ओळखून हात आखडला म्हणून शिक्षा झाली तर ती घे. ती तुझी खरी चूक आहे आणि तिची शिक्षा भोगून माणूस मान वर करून चालू शकतो. वाटा खाल्ल्याचं मात्र कुणाच्या तोंडी राहू देऊ नकोस.

मी साहेबांना म्हणालो, हे खोडा.

ते म्हणाले, "विचार करा. तिची अडचण होईल."

मी म्हणालो, "व्हईल. पर खरं हाय ते लिवा."

त्यांनी ती ओळ खोडली आणि बाजूला मी सांगितलं ते लिहिलं: माझ्या मुलीने दगडावरचा अंगारा पाहून शिकार माझी आहे हे ओळखले, व माझ्यापायी तो पुसला. तिने काहीही घेतले नाही. त्या वेळी मी दहा पावलांवर बसून पाहत होतो व गप्प राहिलो.

खोडलेल्या ओळीवर सही लागते म्हणाले, नव्या ओळीखालीही लागते. मी दोन्हीकडं केली.

तुझा
आबा